झीलकऱ्याचं नाव काय?

आपल्याकडं समीक्षा म्हटली की ती छापलेल्या पुस्तकाची. फार तर नाटकाची. आपल्या जयंतीची, कला-महोत्सवाची, रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाची समीक्षा कुणी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, 'कार्यक्रम उत्साहात संपन्न'. त्यात उद्घाटक असतो, अध्यक्ष असतो, प्रमुख पाहुणे असतात. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असते, 'यशस्वितेसाठी अमुकतमुक यांनी परिश्रम घेतले'. मला त्या शेवटच्या ओळीबद्दल लिहायचं आहे. कारण माझं म्हणणं असं की आपल्या कलेचं काय होतंय ते स्टेजवर दिसत नाही, ते त्या शेवटच्या ओळीत दिसतं.

मी डाळ मिलमध्ये काम करतो. जळगावात गिरणी म्हटलं की म्हातारी माणसं अजून खान्देश मिलचं नाव काढतात, पण तिचा भोंगा बंद पडून जमाना झाला. आता गिरणी म्हणजे डाळीची. तूर भिजवायची, वाळवायची, एमरीवर घासायची, साल उडवायची. बारा तास नाकात भुस्सा. तेव्हा हे कुणा प्राध्यापकाचं लिहिणं नाही. चटया अंथरणाऱ्याचं, केबल ओढणाऱ्याचं आहे. अंथरलेल्या चटयाही आमच्या जळगावच्याच, प्लास्टिकच्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात दोन दिवसांचा कला-महोत्सव झाला. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका मंडळाशी नाही. धुळ्याला जा, भुसावळला जा, चाळीसगावला जा, पत्रिका सारखीच निघते. कार्यक्रमाची वेळ सायंकाळी सहा. सुरुवात सव्वासातला. मग दीपप्रज्वलन, त्रिशरण-पंचशील, स्वागतगीत, प्रास्ताविक, आणि त्यानंतर सत्कार. पहिल्या रात्री सत्कार सव्वीस झाले. मी मोजले, कारण शालींची थैली माझ्याच हातात होती. ज्याचा सत्कार झाला तो खाली उतरून फोटो पाहायचा, मग निघून जायचा. पुढच्या खुर्च्या अशा रिकाम्या होत गेल्या. मागं चटईवर बसलेली माणसं मात्र तशीच बसून. ती गाणं ऐकायला आली होती.

आता वेळेचं गणित करा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ते पंधराच्या वर नाहीत. आपला महोत्सव त्या दिवसांत बसला नाही तर दहाला आवाज बंद. म्हणजे सव्वासात ते दहा, सगळे मिळून पावणेतीन तास. त्यातले दोन तास सत्कार आणि भाषणं खातात. उरलेल्या पाऊण तासात मुंबईहून आलेला नामवंत गायक, तीन नाच, सहा कवी. आणि या सगळ्यांच्या शेपटाला लोककला. आम्ही कवी तरी काय कमी? 'एकच कविता' म्हणून उभा राहतो आणि चार वाचून खाली बसतो.

मी वेळेला एवढा का चिकटलो? कारण वेळ हा आपल्या कलेचा देह आहे. तमाशाचा साचा गण, गवळण, बतावणी, वग असा. सत्यशोधकांनी तो साचा घेतला आणि आतला माल बदलला. पुढं आंबेडकरी जलशांनी तोच साचा घेऊन मेलेलं ढोर, दारू, शाळा, महाड, काळाराम, सगळं त्यात भरलं. भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं. कुठं मिळालं तर वाचा. स्वतः जलसा केलेल्या माणसानं तो आतून सांगितलाय. जलसा रात्रभर चालायचा. एक तर माणसं काम आटोपून, पायी चालत यायची, अंधारात परत कुठं जाणार? आणि दुसरं, पटवायला वेळ लागतो. बतावणीत एक अडाण्यासारखं विचारतो, दुसरा सांगतो, पहिला उलटा अर्थ काढतो, लोक हसतात. हसता हसता कुणीतरी म्हातारा मान हलवतो, 'बरोबर बोलतोय पोरगा'. ही मान हलायला कधी अर्धा तास लागतो, कधी मध्यरात्र उजाडते. चार मिनिटांच्या गाण्यानं अंगावर काटा येतो, मान हलत नाही. अंगावर काटाही पाहिजे, मी नाही म्हणत नाही. पण जलसा वीस मिनिटांत करायला सांगणं म्हणजे भाकरी न भाजता वाढणं.

इथं कुणीतरी म्हणेल, सगळा दोष डीजेचा. दर एप्रिलमध्ये पांढरपेशे पेपर आपल्या डीजेवर अग्रलेख लिहितात. ते त्यांना लिहू द्या. ज्या रस्त्यावर आपल्या आज्याला थुंकायला गळ्यात मडकं बांधावं लागायचं, त्या रस्त्यावर पोरं रात्री नाचतात, यात मला वाईट काही दिसत नाही. मीही नाचतो. डीजेनं जलशाचा तास खाल्लेला नाही. डीजे रस्त्यावर आहे. तास स्टेजवर खाल्ला गेला, तोही खुर्चीत बसून.

आता त्या महोत्सवाची दुसरी रात्र सांगतो.

गिरणाकाठच्या एका गावाहून वहीवाल्यांची पार्टी आली होती. वही म्हणजे आपल्या खान्देशची जुनी चीज. डफावर लांबलचक कथा गायची, एक पुढं गाणार, बाकीचे मागून झील धरणार. ही नऊ माणसं दिवसाची मजुरी पाडून छोट्या हत्तीत बसून आली. दुपारी चारपासून स्टेजच्या मागं, जनरेटरच्या धुराजवळ बसून. साठीच्या वरचा त्यांचा डफवाला दर अर्ध्या तासानं मला विचारायचा, "भाऊ, आमना नंबर कव्हय लागी?" मी सूत्रसंचालकाकडं चिठ्ठी न्यायचो, तो खिशात घालायचा. नंबर लागला नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी.

त्यांनी महाडची वही बांधली होती. १९२७, वीस मार्च, चवदार तळं. चांगली पाऊण तासाची वही. गाणाऱ्यानं घाई केली नाही. त्याला घाई करता येत नव्हती, कारण ती वही घाईची नव्हतीच. गावोगावहून माणसं निघाली, परिषद भरली, मग मिरवणूक तळ्याकडं निघाली. दहा वाजले. नाक्यावरची पोलिसांची गाडी मांडवाजवळ आली. साउंडवाल्यानं माइक खाली ओढला. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरत होते आणि पाणी प्यायच्या आधी आवाज गेला.

यात पोलिसाचा दोष नाही, साउंडवाल्याचा नाही. नियम नियम आहे. दोष पावणेआठ ते पावणेदहा कुठं होता ते बघा.

पार्टी खाली उतरली. स्टेजच्या मागं स्वयंपाक चालला होता. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी. वस्तीतल्या बारा-तेरा बाया दुपारपासून बट्ट्या वळत होत्या, वाफवून कापत होत्या, तळत होत्या. त्यांनी दोन दिवसांत स्टेज पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. त्यांच्यातली एक म्हणाली, पुढं काय झालं ते तरी सांगा. मग कढईच्या उजेडात, बिगर माइकची, वही पुढं सुरू झाली. ऐकणारे म्हणजे त्या बाया, मांडववाल्याची चार पोरं, साउंडवाला आणि मी.

आता समीक्षा करायचीच तर मी या गाण्याची करीन. माइकवर झीलकरी ऐकू येत नाहीत. एक माइक असतो आणि तो गाणाऱ्याच्या तोंडाशी. इथं ते ऐकू आले. झील म्हणजे नुसतं 'जी जी' नव्हे. गाणारा ओळ टाकतो, तिचं शेवटचं अक्षर झीलकरी उचलतात, लांबवतात, आणि तेवढ्यात गाणारा दम घेतो, पुढची ओळ मनात जुळवतो. झीलकरी नसेल तर गाणारा दहाव्या मिनिटाला फाटतो. चांगला झीलकरी गाणाऱ्याचा दम ओळखतो. त्या पार्टीत एक बारीकसा, चाळिशीतला, टोपीवाला माणूस होता. गाणारा थकतोय असं दिसलं की तो अक्षर आणखी लांबवायचा. तळ्याच्या काठाशी आल्यावर गाणारा थांबला, डफही थांबला, आणि हा एकटाच खालच्या सुरात झील धरून राहिला. पाणी पिण्याच्या आधीची ती शांतता त्याची होती. लिहिणाऱ्यानं ती लिहिली नव्हती.

मग गाणाऱ्यानं पाणी प्यायल्याची ओळ घेतली. त्यात 'पेला' असा शब्द होता. बट्ट्या तळणारी एक बाई झारा तसाच हातात धरून म्हणाली, "पेला कथाईन उना रे भाऊ? वंजय म्हन." म्हणजे पेला कुठून आला, ओंजळ म्हण. गाणारा हसला. त्यानं ओळ परत घेतली, 'वंजय' टाकून. मात्रा कमी-जास्त झाली, ती झीलकऱ्यानं सांभाळून घेतली.

धुळ्याच्या शरद् पाटलांनी १९८८ मध्ये 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. मी ते दोनदा वाचलं, अर्धं डोक्यात शिरलं, अर्ध्याशी अजून झटापट चालू आहे. पण शब्द कुणाच्या हातातून येतो, त्याच्यामागं कोणतं जगणं उभं आहे, हा जो त्यातला मोठा प्रश्न, तो त्या बाईनं कढईशी उभं राहून एका वाक्यात सोडवला. पेला हा घरात ठेवायची वस्तू. तळ्यावर गेलेल्या माणसाकडं हात असतात. ही समीक्षा त्या रात्रीच्या सव्वीस सत्कारांपेक्षा मोठी होती आणि ती स्टेजच्या मागं झाली. बातमीत नाही आली.

आता पैशाकडं येतो. हा विषय काढला की आपले कार्यकर्ते नाक मुरडतात, म्हणतात, चळवळीत पैसा काय बघायचा. मीच तेवढा बघतो असं नाही. मांडववाल्याला ॲडव्हान्स गेला. जनरेटरवाल्याला ॲडव्हान्स गेला. फ्लेक्सवाला रोख घेऊन गेला. मुंबईच्या गायकानं गाडीतून उतरायच्या आधी उरलेली रक्कम मागितली, आणि बरोबर केलं, त्याच्याही पोटाला आहे. वहीवाल्यांना मात्र येण्या-जाण्याचं भाडं आणि 'जेवून जा' एवढंच. का? तर उत्तर मिळालं की आपलीच माणसं आहेत, सेवा म्हणून करतात.

मित्रांनो, 'सेवा म्हणून वाजव' हा शब्द आपण कुठं ऐकला आहे? गावच्या लग्नात, गावच्या जत्रेत डफ-हलगी वाजवणाऱ्याला हेच सांगितलं जायचं. तुझं कामच आहे ते, वाजव, आणि उरलंसुरलं घेऊन जा. महारकी काय, मांगकी काय, ती हीच. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करायचं बिल आणलं, ते कशासाठी? माणसाच्या कामाला ठरलेलं मोल मिळावं, तो रात्रंदिवस गावाचा राबता गडी राहू नये यासाठी. कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली तीसुद्धा १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर. तीस वर्षं लागली. आणि आपण आपल्याच मांडवात, निळ्या झेंड्याखाली, डफवाल्याला परत सेवेचा शब्द ऐकवतो.

कुणी म्हणेल, जुने जलसेवाले कुठं बिदागी मागत होते? खरं आहे, पदरची भाकरी खाऊन गावोगाव फिरले ते. पण तेव्हा मांडववालाही वस्तीतलाच होता, कंदीलही घरचाच होता. सगळ्यांनी फुकट केलं. आज सगळ्यांना पैसे आणि एकट्या झीलकऱ्याला चळवळ, हा न्याय मला समजत नाही.

पैशापेक्षा नावाचा प्रश्न आणखी अवघड. 'दोनच राजे' हे गाणं महाराष्ट्रात कुठल्या वस्तीत वाजत नाही? माझ्या मिलमध्ये आमच्या समाजाबाहेरची पोरंही गुणगुणतात. मी विचारलं, लिहिलं कुणी? एकानं गायकाचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं कॅसेट कंपनीचं. लिहिणारे आपल्याच जिल्ह्यातले, मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे, वामनदादांच्या तालमीतले. जळगावच्या पोराला माहीत नाही! वामनदादा कर्डक या बाबतीत हुशार. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते 'वामन' असं नाव ओवून ठेवायचे, जुन्या संतकवींसारखं. गाणं जिथं जाईल तिथं नाव जाईल. आता झालं असं की डीजेच्या रिमिक्समध्ये दोन कडवी राहतात, शेवटचं कापलं जातं. त्याबरोबर नावही कापलं जातं. कापणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला फक्त ठेका पाहिजे असतो. पण नाव जातं ते असंच जातं, कुणाच्या मनात काही नसताना.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरातल्या पोरांनी त्यांची गाणी ऐकून कागदावर उतरवली म्हणून त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तक निघालं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. कागदावर उतरवणारा एक माणूस घरात असला की एवढं होतं. आपल्या वस्तीत प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, रेकॉर्डिंग एका बोटावर आहे. त्या महोत्सवाचे फोटो शेकड्यानं निघाले. महाडच्या त्या वहीचं रेकॉर्डिंग कुणाकडं आहे म्हणून मी पंधरा जणांना विचारलं. एकाकडंही नाही. साउंडवाल्या पोराकडं शेवटची सात-आठ मिनिटं सापडली, कढईच्या चर्र आवाजासकट.

बायांचं तर आणखी वेगळं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, घरोघर फिरून चळवळीतल्या बायांना बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. नावातला तो 'ही' बघा. तो एका अक्षराचा टोमणा आहे, आपल्यालाच मारलेला. त्या पुस्तकावर आपण भाषणं करतो आणि भाषण संपलं की मागं वळून विचारतो, जेवण झालं का तयार? आमच्या महोत्सवात 'स्त्री आणि आंबेडकरी चळवळ' असा परिसंवाद होता. वक्ते तीन, तिघेही पुरुष. तो चालला होता त्याच वेळी मागं बट्ट्यांचं पीठ मळलं जात होतं. एकीनं मळता मळता विचारलं, आत कोणावर बोलतायत? मी सांगितलं. ती म्हणाली, मग मीठ बघ, बरोबर पडलंय का.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की हा सगळीकडं फक्त उणंच काढतो. नाही. अमळनेरचं उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला एकाच वेळी दोन संमेलनं भरली. एक ९७ वं अखिल भारतीय, अध्यक्ष रवींद्र शोभणे. दुसरं १८ वं विद्रोही, अध्यक्ष वासुदेव मुलाटे. जोतीरावांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेला जे खरमरीत पत्र धाडलं, तिथून ही दुसरी वाट निघते. दोन्हींच्या व्यासपीठावर काय बोललं गेलं यावर पुष्कळ लिहून आलंय. मला महत्त्वाचं वाटतं ते मागचं. एकाच्या मागं सरकारचं अनुदान. दुसऱ्याची रीत एक मूठ धान्य आणि एक रुपया, घरोघर मागून. ही मूठ नुसती पैसे जमवायची युक्ती नाही. ज्याच्या घरातून मूठ गेली तो पाहुणा म्हणून येत नाही, मालक म्हणून येतो. त्याला खुर्ची नको असते, त्याला गाणं पाहिजे असतं. अनुदान देणाऱ्याचा सत्कार करावा लागतो. मूठ देणाऱ्यांचा करायचा ठरवला तर महिना पुरणार नाही, म्हणून तो करावाच लागत नाही! सत्कार वाचला की तास वाचतो, तास वाचला की वही पुरी होते. गणित असं सोपं आहे.

लळिंगच्या लांडोर बंगल्याचंही असंच. १९३७ च्या जुलैअखेर बाबासाहेब धुळ्याला आले, त्या बंगल्यावर मुक्काम केला. दरवर्षी ३१ जुलैला तिथं भीमस्मृती यात्रा भरते. भर पावसाळ्यात, चिखल तुडवत, पोराबाळांना घेऊन माणसं डोंगर चढतात. त्यांना कुणी पत्रिका छापून बोलावलेलं नसतं. मी लहानपणी पहिलं भीमगीत तिथंच जवळून ऐकलं, गाणाऱ्याच्या इतक्या जवळून की त्याच्या ढोलकीवाल्याच्या बोटाला बांधलेली चिंधी दिसली.

अण्णाभाऊंनी १९५८ मध्ये, पहिल्या दलित साहित्य संमेलनात, पृथ्वी कुणाच्या तळहातावर तरली आहे ते सांगितलं. ते आपल्या प्रत्येक निवेदकाला पाठ आहे. आमच्याही निवेदकानं दोन्ही रात्री म्हटलं, टाळ्या घेतल्या.

पुढच्या महोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक झाली तेव्हा मी तीन गोष्टी मांडल्या. सत्कार शेवटी करा, दहा वाजता माइक बंद झाला तरी शाल बिनआवाजाची घालता येते. वहीवाल्यांना पाऊण तास आणि रोजाचे पैसे ठरवून द्या, आधी द्या. आणि पत्रिकेवर गाणं लिहिणाऱ्याचं, ढोलकीवाल्याचं, झीलकऱ्यांचं आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांचं नाव छापा. पहिल्यावर गलका झाला. दुसऱ्यावर खजिनदार म्हणाले, बघू. तिसऱ्यावर सगळेच प्रेमानं म्हणाले, भाऊ, मुद्दा चांगला आहे, पण पत्रिकेत जागा नाही.

गेल्या वर्षीची पत्रिका मी घरी काढून पट्टीनं मोजली. पाहुण्यांचे फोटो एकोणीस. त्यातला मधला फोटो एकटाच साडेसहा सेंटिमीटर उंच. तेवढ्या जागेत बारीक टाइपात चोवीस नावं बसतात, मी पेन्सिलनं लिहून पाहिली. पुढची बैठक रविवारी आहे. पत्रिका आणि पट्टी दोन्ही नेणार आहे.